कारभारीभाऊंची चिकटवलेली वही

मी सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढं जीभ अडखळायची नाही. आमच्या शाळेतल्या एका शिपायाचं नाव मी खराब केलं. त्यानं काही केलेलं नव्हतं. जे केलं ते मी केलं आणि अख्ख्या स्टाफसमोर त्याच्यावर ढकललं. आता तुम्ही म्हणाल, मास्तर, स्वतःबद्दल असं कोण बोलतं? मीही आपणहून बोलत नव्हतो. मला बोलायला लावलं, आणि कोणी लावलं ते पुढं येईलच.

शाळा मेहकरपासून बसनं अर्ध्या तासावर, पाचवी ते बारावी, एका खासगी संस्थेची. मी तिथला कॉम्प्युटरचा मास्तर, हरिओम. जन्म ह्याच जिल्ह्यातला, पण पुण्यात दोन वर्षं कोर्स करून आलेलो. तिथं पोरं माझ्या 'मले-तुले'ला हसायची, म्हणून मी जीभ घासूनपुसून स्वच्छ केली आणि परत आल्यावर तीच जीभ आपल्या माणसांवर चालवायला लागलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायचा असेल, तर तेव्हाचा मी बघायला पाहिजे होता.

कारभारी हे पद नाही, आईबापानं ठेवलेलं नाव. कारभारीभाऊ शाळेचे शिपाई. गावाबाहेर त्यांची दीड एकर जमीन, त्यात वांगी, मिरची, थोडी कोथिंबीर. ते सगळं बघणार त्यांची बायको मनकर्णाबाई. हे सकाळी पाणी देऊन, आंघोळ करून नऊच्या ठोक्याला शाळेत हजर. शर्टाची वरची गुंडी लावलेली आणि कमरेला एकतीस चाव्यांचा जुडगा. कुठली चावी कुठल्या कुलपाची हे न बघता बोटांनी सांगायचे. चौतीस वर्षांत शाळेतून खडूचा तुकडा गेला नाही, असं मुख्याध्यापक अर्जुनराव सर म्हणायचे, आणि ते सर उगाच कोणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते.

गावातली माणसं चार दिवस लग्नाकार्याला निघाली की घराची चावी कारभारीभाऊंकडं टाकून जायची. परत आल्यावर हे चावी काढून द्यायचे आणि 'घ्या' एवढंच म्हणायचे. कुठं गेलते, किती दिवस, काही नाही. शेजारच्या घरात आज काय शिजलं ते पार दुसऱ्या वेशीपर्यंत कळतं अशा गावात हा माणूस राहत होता, हे ध्यानात घ्या.

मी लागायच्या तीन वर्षं आधी संस्थेनं शाळेची वेबसाइट करून घेतली. प्रत्येक शिक्षकाला तिच्यात एक खातं. आपला पासवर्ड टाकून आत शिरायचं आणि आपल्या वर्गाच्या सूचना, निकाल, फोटो चढवायचे. ह्या सगळ्या खात्यांवर एक अ‍ॅडमिन असतो. तो कोण करायचा, हा प्रश्न निघाला तेव्हा अर्जुनराव सर म्हणाले, "शाळेच्या चाव्या कोणाकडे आहेत? कारभारीकडे ना? मग ह्याही त्याच्याकडेच." झालं. दहावी शिकलेला, एका बोटानं टाइप करणारा शिपाई अ‍ॅडमिन झाला. मी रुजू झाल्यावर हे ऐकलं आणि पोट धरून हसलो.

पण ते शिकले. वेबसाइट जुना पासवर्ड कोणालाच दाखवत नाही, अ‍ॅडमिनलाही नाही. फार तर नवा देता येतो, हे त्यांनी पहिल्या महिन्यात समजून घेतलं होतं. 'पासवर्ड विसरलात?' असं तिथं एक बटण असतं, ते दाबलं की ई-मेलवर निरोप जातो. साइट बनवणाऱ्या बाबानं सगळ्या खात्यांना स्वतःचाच ई-मेल टाकून ठेवलेला, आणि पैसे मिळाल्यावर तो फोनसुद्धा उचलेना. म्हणजे जो विसरला त्यानं कारभारीभाऊंकडंच यायचं. आणि उन्हाळ्याची सुट्टी संपली की निम्मी शाळा पासवर्ड विसरून यायची.

दुसरा कोणी असता तर त्यानं फाटकन नवा पासवर्ड देऊन टाकला असता. ह्यांना ते पटेना.

"मी नवा देला म्हंजे तो मले समजला," ते म्हणायचे. "मले समजला, मंग ते कुलूप कायचं?"

म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांचं पाकीट येतं, ते साक्षीदारांच्या सह्या घेऊनच फोडतात. ती पाकिटं इतकी वर्षं ह्यांनीच सांभाळलेली. तीच रीत त्यांनी एका जाड कोऱ्या रजिस्टरला लावली. शिक्षकाला खुर्चीवर बसवायचं, पासवर्डाचा रकाना उघडून द्यायचा आणि स्वतः खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभं राहायचं. शिक्षकानं आपला पासवर्ड आपणच टाकायचा, रजिस्टरमधल्या आपल्या पानावर लिहायचा आणि पान आत दुमडायचं. मग हे घरून आणलेल्या कणकेच्या खळीनं कडा चिकटवणार आणि जोडावर त्या शिक्षकाची सही घेणार. कोणी विसरलं, तर त्याच्यासमोर कडा पाण्याच्या बोटानं ओल्या करून नखानं हळूच सोडवायच्या, रजिस्टर त्याच्या हातात द्यायचं आणि पुन्हा खिडकीशी. सात वर्षांत त्यांनी एकही पान वाचलेलं नव्हतं. ही गोष्ट माझ्याइतकी खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही.

माझं डोकं फिरलं त्याचं कारण अगदी फुसकं आहे. त्या जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाची यादी दुपारी दोनला वेबसाइटवर चढवायची होती आणि ते काम माझ्याकडं होतं. मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि मला माझाच पासवर्ड आठवेना. कारभारीभाऊ रजा घेऊन देऊळघाटला लग्नाला गेलेले. इकडं पालकांचे फोनावर फोन. मी त्यांना फोन करून नको नको ते बोललो. "थांबा सर, मी येऊन राह्यलो," एवढंच ते म्हणाले, पंगतीतून उठले आणि बस बदलत बदलत साडेपाचला शाळेत पोचले. माझं पान सोडवलं, खिडकीशी जाऊन उभे राहिले, मग पुन्हा चिकटवून सही घेतली. सगळं झाल्यावर म्हणाले, "कम्प्युटरवाले सर बी विसरतात म्हना. मले वाटे आमीच विसरतो."

त्यांच्या मनात काही नव्हतं, पण स्टाफरूम फसकन हसली. आठवडाभर जो तो मला विचारत होता, सर, पासवर्ड आहे ना लक्षात? तो राग मी ऑगस्टपर्यंत सांभाळून ठेवला. अ‍ॅडमिन आपण असायला पाहिजे, हा शिपाई कोण लागून गेला, हेही पोटात होतंच.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत मला खडू हवे होते. कारभारीभाऊ घंटेशी उभे. त्यांनी जुडग्यातली कपाटाची चावी बाजूला करून अख्खा जुडगा माझ्या हातात दिला. "घ्या सर, तुमीच काढून घ्या." कपाटात खडूंच्या खोक्यामागं ते रजिस्टर होतं. मी ते शर्टाखाली घालून लॅबमध्ये नेलं, दार लावलं आणि कटरच्या ब्लेडनं सगळ्या पानांच्या कडा सरळ कापून काढल्या. हात थरथरले वगैरे काही नाही. मजा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवारची स्टाफ मीटिंग. मी अर्जुनराव सरांकडून दहा मिनिटं मागून घेतली. "आपल्या वेबसाइटची सुरक्षा कुठल्या पातळीवर आहे, ते सर्वांना कळू द्या," असं म्हणून मी रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. चित्रकलेच्या सरांचा पासवर्ड होता 'चहा दोन कप'. गणिताच्या सरांनी बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख टाकलेली. प्रत्येक पानाला हशा. मी रंगात आलो, आवाज बदलून बदलून वाचत होतो. माझं पान मात्र गाळलं. सुरक्षेच्या बाता मारणाऱ्या ह्या माणसाचा पासवर्ड होता त्याचं स्वतःचंच नाव आणि पुढं एक-दोन-तीन.

मग मंजुश्री मॅडमचं पान आलं. त्या मराठी शिकवायच्या, एकोणीस वर्षं ह्याच शाळेत. वर्गात आवाज कधी चढवला नाही, पण त्या आल्या की बारावीची टगी पोरंसुद्धा बाकावर नीट बसायची. त्यांच्या पानावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: नकुसा, आणि पुढं एक साल.

मी वाचलं. वाचून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "मॅडम, ही नकुसा कोण? धुणंभांडीवाली का?"

दोघं-चौघं हसले. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. एवढ्या करारी बाई, शाळेत नवीन आलेली मुलगी बसते तशा बसल्या. हसणारे एकेक करून गप्प झाले आणि तेव्हा मला कळलं की ते त्यांचंच नाव आहे.

आमच्याकडं जुन्या घरांत चार मुलींवर पाचवी झाली की तिचं नाव नकुसा ठेवायचे. आता मुली नकोत, हे देवाला ऐकू जावं म्हणून. मॅडम त्या पाचव्या. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं नवं नाव लिहिलं, त्या दिवशी त्यांना मंजुश्री मिळालं आणि जुनं नाव त्यांनी माहेरीच सोडलं. नोकरीला लागताना जुना दाखला आणि नाव बदलल्याचे कागद बुलढाण्याला ऑफिसात न्यायचे होते, ते कारभारीभाऊंनी नेले. तेव्हाचे मुख्याध्यापक पुढं वारले. म्हणजे आता ही गोष्ट शाळेत एकट्या शिपायाला ठाऊक होती. बायकोजवळही त्यांनी ती कधी काढली नव्हती.

अर्जुनराव सरांनी माझ्या हातातून रजिस्टर घेतलं. "ही पानं चिकटवलेली असतात. कोणी उघडली?"

इथं मी खरं बोलू शकलो असतो. फार तर शिव्या बसल्या असत्या, एखादी नोटीस निघाली असती. पण सगळे माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "मला मिळालं तेव्हा उघडंच होतं सर. कारभारींनी उघडली असतील."

कारभारीभाऊ दारातच उभे होते, चहाचे कप गोळा करायला आलेले. सगळ्या माना तिकडं वळल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मंजुश्री मॅडमकडं. मग म्हणाले, "रजिस्टर माह्या ताब्यात होतं सर. जे झालं त्याची जबाबदारी माही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी असं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यातला चोर खुर्चीवर बसून गप्प राहिला.

सोमवारी चाव्या गेल्या. अर्जुनराव सरांनी टेबलाकडं नुसतं बोट केलं आणि भाऊंनी जुडगा सोडून ठेवला. अ‍ॅडमिन मी झालो. पहिलं काम म्हणून मी त्यांचं खातं काढून टाकायला घेतलं, तर वेबसाइटनं विचारलं: ह्या माणसानं लिहिलेलं सगळं कोणाच्या नावावर करायचं? सात वर्षांच्या सूचना होत्या त्या. अर्ध्या दिवसाची सुट्टी, परीक्षेचं वेळापत्रक, कोणाच्या निधनाची दुखवट्याची सूचना, एकेक अक्षर एका बोटानं टाइप केलेलं. मी यादीतून माझं नाव निवडलं आणि बटण दाबलं. त्या सगळ्या सूचनांखाली आजही 'हरिओम' दिसतं.

ते नाव गावात पसरायला दोन दिवस लागले. आठवड्याभरात आठवीच्या फळ्यावर कोणीतरी खडूनं लिहिलं, नकुसा मॅडम. मी शेजारच्या वर्गात होतो. त्यांनी फळा पुसला, हातावरचा खडू झटकला आणि कविता शिकवायला घेतली, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मॅडम कारभारीभाऊंना आधी भाऊ म्हणायच्या, राखीला न चुकता पेढे आणायच्या. आता ते चहा घेऊन आले की ह्या पुस्तकात डोकं घालायच्या. दिवाळीनंतर त्यांनी बदली मागून घेतली, संस्थेच्या वडनेर भोलजीकडच्या शाळेत. तो त्यांच्या माहेरचा भाग. तिथं सगळ्यांना ते नाव ठाऊकच आहे, तिथं नव्यानं काही कळायचं नाही, असं त्यांनी म्हणे अर्ज देताना सांगितलं.

डिसेंबरात कारभारीभाऊ निवृत्त झाले. शाल-नारळ दिला, भाषणं आटोपती घेतली. वेबसाइटवर बातमी मीच लिहिली: 'चौतीस वर्षांची प्रामाणिक सेवा.' अर्जुनराव सरांनी वाचलं आणि म्हणाले, "तो प्रामाणिक शब्द काढा. उगाच लोक हसतील." मी काढला. माझ्याच हातानं, एक बटण दाबून.

ह्यानंतरही मी नीट जेवत होतो, झोपत होतो, वर्गात पोरांना नीतीच्या चार गोष्टी सांगत होतो. खोटं कशाला बोलू? मला खरा दणका बसला तो मार्चमध्ये, आठवडी बाजारात. मनकर्णाबाई वांगी घेऊन बसलेल्या. मी अर्धा किलो मागितली. त्यांनी पाऊण किलो घातली, मास्तर म्हणून. मी विचारलं, भाऊ कसे आहेत?

"हायेत," त्या म्हणाल्या. "घरीच ऱ्हातात. सर, आता आमच्याकडे कोनी चावी टाकत नाई. बाजूचे कालच लग्नाले गेले, चावी सोबत घेऊन गेले. हे दारातच बसेल होते, त्याईच्या समोरून गेले."

वांग्यांची पिशवी घेऊन मी घरी आलो, ती बायकोपुढं ठेवली आणि जेवलो नाही. चावी टाकायची नाही म्हणजे काय, हे आमच्या गावात ज्याला कळतं त्यालाच कळतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडं गेलो.

भाऊ मिरचीच्या सरीत पाणी फिरवत होते. मी बांधावर उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कपाट, शर्ट, ब्लेड, मीटिंगमधलं खोटं. सांगताना मला रडायला आलं, आणि खरं सांगायचं तर रडू आलं म्हणून थोडं बरंही वाटलं.

त्यांनी फावड्यानं एक दांड फोडला, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

"मले कायले सांगून राह्यले सर?" ते म्हणाले. "मले तर माईतच हाये."

"भाऊ, मग त्याच दिवशी का नाही बोलला?"

"तुमी सर, मी शिपाई. कोनं आयकलं असतं? अन बाई तिथंच बसेल होत्या. मी वाद घातला असता, त्याच्यात ते नाव अजून चारदा निंगालं असतं." मग म्हणाले, "ज्याईच्या समोर बोलले, त्याईच्या समोर सांगा. मले सांगून काय फायदा?"

एप्रिलच्या स्टाफ मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.  मग चित्रकलेचे सर म्हणाले, "जाऊ द्या हो सर, झालं गेलं गंगेला मिळालं. मन मोठं लागतं असं कबूल करायला." गणिताच्या सरांनी तर पाठीवर हात ठेवला. अर्जुनराव सर मात्र खिडकीबाहेर बघत बसले. मला माफी मिळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नंतर मी वेबसाइटवर 'प्रामाणिक' हा शब्द परत टाकला. चार महिन्यांपूर्वीची बातमी, कोण बघतंय?

त्याच संध्याकाळी भाऊंना सांगायला गेलो. जरा ऐटीतच गेलो म्हणा ना, काम फत्ते करून आलेल्या माणसासारखा.

"सांगितलं भाऊ. सगळ्यांसमोर."

"बाई होत्या?"

"मॅडमची बदली झाली ना भाऊ. त्या वडनेरकडं आहेत."

"हाव," ते म्हणाले. "मंग अजून राह्यलं सर."

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निघालो. जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन बस बदलून. उन्हानं सीट तापलेल्या, आणि मी वाटभर वाक्यं जुळवतोय. पोचलो तेव्हा शाळा सुटत आली होती. मॅडम स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलेल्या, पलीकडं दोन बाई डबा खात होत्या. मला बघून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मी बाहेर चला म्हणालो, तर म्हणाल्या, "इथंच बोला सर."

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. जसं तोंडात आलं तसं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"त्या दिवशी रजिस्टर टेबलावर पडलं होतं. कडा सरळ कापलेल्या होत्या. कारभारीभाऊ पान सोडवायचे ते ओलं करून, नखानं. माझं पान दोनदा सोडवलं होतं त्यांनी, कागदाला ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी कापलं नाही हे मला तिथंच कळलं, आणि नंतर तुमच्या तोंडाकडं बघून बाकीचंही कळलं."

"मग तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं असतं तर पुन्हा त्या पानाचा विषय निघाला असता. ते नाव जन्मात कोणी घेणार नाही असं वाटलं होतं, म्हणून तर पासवर्ड ठेवलं. ते झाकायला मी त्यांना चोर होऊ दिलं. तुम्ही खोटं बोलला सर, पण खरं माहीत असून गप्प कोण बसलं? त्यांच्याकडं वर तोंड करून बघायची सोय राहिली नाही, म्हणून इकडं आले."

मला वाटलं, आता निदान त्यांचं ओझं हलकं होईल असं काहीतरी बोलावं. म्हणून भाऊ बांधावर काय म्हणाले ते मी सांगितलं, वाद घातला असता तर ते नाव अजून चारदा निघालं असतं. ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

मग त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. नंबर त्यांच्याकडं होता. डबा खाणाऱ्या दोघी बाई आता उघडच ऐकत होत्या. मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, पण उठून बाहेर गेल्या नाहीत. भाऊंना ऐकायला कमी येतं म्हणून ते फोनवर मोठ्यानं बोलतात. त्यांचा आवाज मला समोर बसून ऐकू आला.

"कोन बोलून राह्यलं?"

मॅडमनी डोळे मिटले. "भाऊ, मी नकुसा."

पलीकडं चाललेला पंप बंद झाला.

"कोन, मंजुश्रीबाई का?" भाऊ म्हणाले. "बोला ना बाई."

मॅडमनी पदर तोंडाशी धरला. मी माझी पिशवी उचलली आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत त्या बोलत होत्या की रडत होत्या, ते ऐकायचा हक्क मला नव्हता.